बिनमहत्त्वाची मॅच आणि आमचे साडू

ज्या गोष्टीला काडीचं महत्त्व नाही तिच्यासाठी अख्खा तालुका पावसात उभा करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. दुसऱ्या कुणाचा असता तर मीही इतरांसारखं त्याचं कौतुक करून मोकळा झालो असतो. पण साडू म्हणजे सासऱ्याच्या एकाच ओटीवर बसणारे दोन पाहुणे. एकाला पाट मिळाला की दुसऱ्याची नजर पाटाच्या रुंदीवर जातेच. त्यातून मी थोरला जावई. तीन वर्षं त्या ओटीवर मी एकटा बसलो होतो आणि माझं बरं चाललं होतं. मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं, हे गृहस्थ आले आणि त्या दिवसापासून ओटीवरची सगळी माणसं माझ्याकडे पाठ करून बसायला लागली.

मी मूळचा पनवेलचा. नोकरी उरणला, मीठ कचेरीत कारकुनाची, आणि सासरही उरणचंच. मला व्यवस्थितपणाची आवड आहे. घरात दिवाबत्तीच्या सामानाची, पाहुण्यांची, औषधांची, उसन्या गेलेल्या पुस्तकांची अशा वेगवेगळ्या वह्या आहेत आणि प्रत्येक वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा आहे. शेऱ्याशिवाय यादी म्हणजे मिठाशिवाय आमटी. बायको एकदा चिडून म्हणाली, "तुम्ही एक दिवस तिरडीच्या सामानाचीसुद्धा यादी करून ठेवाल." तीही केलेली होतीच, फक्त दुसऱ्या वहीत.

साडू होते मिठागरावर मुकादम. त्यांचं गाव खाडीकाठचं, बोली तिकडची, अंगकाठी सुरूच्या झाडासारखी सरळसोट. काखेत कायम छत्री, आणि ती त्यांनी उघडलेली मी कधी पाहिली नाही. पाऊस आला की ते छत्री काखेत आणखी घट्ट धरायचे, म्हणजे ती भिजायला नको. त्यांच्याकडे वही नव्हती, पेन्सिल नव्हती, घड्याळ नव्हतं. त्यांच्याकडे एकच वाक्य होतं आणि त्यावर त्यांचा सगळा संसार चालला होता. ते वाक्य म्हणजे, "असा परत व्हनार नाय." अमावास्येचं उधाण बांधाला टेकलं, असा परत व्हनार नाय. कुणाच्या म्हशीला जुळं झालं, असा परत व्हनार नाय. एकदा शाळेच्या ड्रिल मास्तरांची दाढ काढायला मोरा बंदराच्या लाँचने मुंबईचे एक दाताचे डॉक्टर येणार होते. आता दाढ ही काय पाहायची गोष्ट आहे? पण साडूंनी दोन दिवस आधीपासून चहाच्या दुकानात, सलूनमध्ये, मासळीबाजारात असं काही वातावरण तापवलं की ऐनवेळी मास्तरांच्या खिडकीपाशी चाळीसेक माणसं उभी होती. इतक्या लोकांसमोर ओरडायची लाज वाटून मास्तर ओरडलेच नाहीत, आणि दाढ काढताना अजिबात दुखत नाही असं ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

ओटीवर माझी काय गत होत होती त्याचं एकच उदाहरण देतो. एका दिवाळीला मी पनवेलहून मिठाईची करंडी नेली. पेढे, बर्फी, बालुशाही, सासूबाईंना चावता यावे म्हणून मऊ मोतीचूर, सगळं माणशी हिशेब करून. साडू आले एक कोहळा खांद्यावर टाकून. तो कोहळा मधोमध ठेवून त्यांनी तासभर सांगितलं की त्याचा वेल शेजाऱ्याच्या कौलांवर कसा चढला, शेजारी रागावून वर कसा चढला आणि कोहळा बघून हात जोडून खाली कसा उतरला. आठ दिवस तो कोहळा कुणी चिरला नाही. गल्लीतल्या बाया येऊन त्याला बघून जात. माझी करंडी कधी संपली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. रिकामी करंडी मात्र सासूबाईंनी आठवणीने ठेवून घेतली. साडूंचा कोहळा मांडून ठेवायला त्यांना ती हवी होती, हे मला मागाहून कळलं.

त्यांचा दुसरा विक्षिप्तपणा फुटबॉलचा. आणि इथे मला थोडी आमची लीग समजावून सांगावी लागेल. पावसाळ्यात आमच्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात आणि मिठागरं पाण्याखाली असतात. म्हणजे कोळ्यांचीही तरणी पोरं मोकळी आणि मिठागरावरचीही. ती एकमेकांची डोकी फोडत बसण्यापेक्षा चेंडूमागे धावलेली बरी, म्हणून सहा गावांच्या सहा संघांची फुटबॉल लीग सुरू झाली. सेक्रेटरी अर्थातच मी. कारण पंधरा सामने, भरती-ओहोटी, गावोगावच्या जत्रा, सुतकं आणि ड्रिल मास्तरांची सवड एवढं सगळं एका कागदावर बसवणारा दुसरा माणूस तालुक्यात नव्हता. ड्रिल मास्तर आमचे पंच. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, वरच्या दोघांनी फायनल. आणि सगळं नारळी पौर्णिमेच्या आत संपायला हवं. कारण त्या दिवशी समुद्राला नारळ वाहिला की कोळी होड्या लोटणार, आणि मग ब्रह्मदेव आला तरी बंदराच्या, म्हणजे कोळ्यांच्या, संघाला गोलकीपर मिळायचा नाही.

मैदान एकच, चेंडू एकच. चामड्याचा तो चेंडू पाणी पिऊन कलिंगडाएवढा जड व्हायचा. त्यावर कोळ्यांच्या पोरांनी उपाय काढला. होडीला लावतात ते मुशी माशाचं तेल त्यांनी चेंडूला चोळलं. पाणी आत शिरायचं थांबलं, पण जो हेडिंग करेल त्याच्या शेजारी पुढचे चार दिवस कुणी जेवायला बसत नसे. बंदराच्या सेंटर फॉरवर्डचं लग्न त्यामुळे एक पावसाळा पुढे गेलं अशी वदंता होती.

तर साडू मिठागर संघाचे. संघात नव्हते, संघाचे होते. प्रत्येक सामन्याला रेषेवर हजर. फक्त एक गोष्ट वेगळी. खेळ सुरू झाला की ते मैदानाकडे पाठ फिरवून उभे राहायचे. आपल्या पोरांच्या पायात चेंडू असताना त्यांना बघवत नसे. छातीत धडधडायचं. म्हणून ते बघ्यांकडे तोंड करून उभे राहत आणि सगळा सामना लोकांच्या चेहऱ्यांवर बघत. पोस्टमास्तरांचा चष्मा कपाळावर गेला म्हणजे कॉर्नर. सलूनवाल्याने दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले म्हणजे आपल्या गोलपाशी गर्दी. मासळीवाल्या बाईची पाटी डोक्यावरून खाली आली म्हणजे गोल झाला, आणि पाटी आपटली म्हणजे तो बंदरावर झाला. आणि हा गृहस्थ संध्याकाळी चहाच्या दुकानात सामन्याचं असं वर्णन करायचा की ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला ते तोंड उघडं टाकून ऐकायचे. मी रेषेजवळ खुर्ची टाकून, प्रत्येक गोलाची वेळ वहीत लिहून घेत असे. मला कुणी विचारत नसे.

हा सगळा हेवा मी नीट घडी घालून मनाच्या तळाशी ठेवला होता. तो बाहेर आला एका आषाढात. त्या वर्षी बंदर आणि मिठागर दोघेही तुफान खेळत होते. बाकीच्या चौघांना त्यांनी असं काही बुकललं की चौदा सामने संपले तेव्हाच फायनल याच दोघांत होणार हे ठरून गेलं. उरला होता साखळीतला एकच सामना, आणि तोही याच दोघांतला. मी तक्ता मांडला. कुणीही जिंको, कुणीही हरो, बरोबरी होवो, फायनल त्यांचीच. म्हणजे तो सामना खेळून काहीही बदलत नव्हतं. उलट पाय मोडायची भीती, एकुलता एक चेंडू फाटायची भीती आणि तीन दिवसांवर फायनल, तिला पनवेलहून पाहुणे येणार, शाळेतून खुर्च्या येणार. मी लीगच्या समितीपुढे मुद्दे मांडले. सहा मुद्दे, क्रमांक घालून. सामना रद्द करावा.

इकडे साडूंनी मात्र पंधरा दिवस आधीपासून त्या सामन्याचा डांगोरा पिटला होता. सायकल नसलेला हा माणूस चिखल तुडवत करंजाड्यापर्यंत जाऊन आला म्हणतात. कुणाच्या तरी दहाव्याला गेले आणि पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसलेल्या मंडळींनाही त्यांनी मॅचचं सांगितलं. लोक तिला 'मोठी मॅच' म्हणू लागले होते. फायनलला कुणी मोठी म्हणत नव्हतं. फायनलला फायनल म्हणत होते, तेही मी आठवण केली तर.

साडू मिठागरतर्फे समितीत होते; मी त्यांना सरळ विचारलं, "या मॅचमध्ये आहे काय? कुणाला काय मिळणार आहे?"

ते छत्री काखेतून काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "सेक्रेटरी, फायनल कपासाटी असते. कपासाटी कोनपन जीव काडल. ह्या मॅचला काय हाय? कायच नाय. कायच नसताना कोन कसा खेलतो, ता बगायचा हाय."

यावर टाळ्या पडल्या. माझ्या मुद्द्यांना क्रमांक होते, पण टाळ्या पडल्या नव्हत्या. पाच विरुद्ध एक असा ठराव झाला, आणि तो मलाच वहीत लिहावा लागला. लिहिता लिहिता मी म्हणालो की मॅच खुशाल खेळा, पण निरर्थक मॅचला सेक्रेटरीचं काम नाही, मी येणार नाही. साडू एकदम गंभीर झाले. म्हणाले, "तसा करू नका. तुमी नसलं तं ती मॅच नाय." मला तो टोमणा वाटला. मी वही मिटली.

माझं म्हणणं तत्त्वाला धरून होतं, हे मी आजही सांगेन. पण खरं कारण असं होतं की मला त्यांना हरलेलं बघायचं होतं. लोक येतील, कंटाळतील, पावसात भिजून शिव्या देत घरी जातील आणि संध्याकाळी ओटीवर सगळे माझ्या बाजूला वळून बसतील, असं चित्र मी मनाशी रंगवलं होतं. माझी सगळी अब्रू त्या दुपारी मैदान रिकामं राहण्यावर लागली होती.

त्या दुपारी जेवण झाल्यावर बायको लुगडं बदलून, डोक्यावर इरलं घेऊन निघाली. मी फायनलला दरवर्षी तिच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवायचो. ती एकदाही आली नव्हती. पाय दुखतात, पापड वाळत घातलेत, असं काहीतरी निघायचंच. आज पावसात पापड वाळत नव्हते आणि पायही दुखत नव्हते. मी विचारलं, "कुठे?" म्हणाली, "धाकटी बोलवायला आलीय. भाऊजी म्हणतात, असा परत व्हनार नाय." आणि दोघी बहिणी एका इरल्याखाली हसत हसत निघून गेल्या.

मी फायनलची यादी काढून बसलो. चुना, दोरी, शिट्टी, खुर्च्या चोवीस, पाहुण्यांसाठी हार, हारासाठी सुतळी. लिहिता लिहिता लक्षात आलं की बाहेर आवाजच नाही. समोरचं सलून बंद. चहाच्या दुकानाच्या फळ्या लागलेल्या. शेजारच्या घरातली नव्वदीची म्हातारी, जिला वर्षभर उंबऱ्याबाहेर कुणी पाहिलं नव्हतं, तिलाही पोरांनी खुर्चीत घालून नेलं होतं. माझ्या गल्लीत त्या वेळी मी आणि एक कुत्रा एवढेच होतो, आणि थोड्या वेळाने कुत्राही गेला.

मग पहिली गर्जना झाली. वाऱ्यावरून आली, कौलांवरून घसरली आणि माझ्या यादीवर येऊन पडली. मी सुतळीच्या पुढे एक टिंब काढलं. दुसरी गर्जना, दुसरं टिंब. मग किती तरी वेळ काहीच नाही, आणि मग एक असा आवाज आला की तो गर्जना होता की हसणं होतं ते कळेना. हजारभर माणसं एकाच वेळी हसली तर कसा आवाज होतो हे तुम्ही ऐकलंय का? मी ऐकलंय. लांबून.

पायांत वहाणा कधी सरकवल्या ते कळलं नाही. छत्री उघडून मी मैदानाच्या वाटेवरच्या पिंपळापर्यंत गेलो. तिथून मैदान दिसत नाही, पण वळलं की दिसतं. पिंपळाखाली मी उभा राहिलो. वळायचंच होतं. पण मनात आलं, की मध्यंतर होऊन गेलं तरी न आलेला सेक्रेटरी आता चोरासारखा मागून शिरतो, हे साडू सगळ्यात आधी बघणार. त्यांचं तोंड लोकांकडेच असतं. मी तसाच मागे फिरलो आणि घरी येऊन चोवीस खुर्च्या पुन्हा एकदा मोजल्या. कागदावरच.

बायको दिवेलागणीला आली ती गुडघाभर चिखलात आणि घसा बसलेला. लग्नाला वीस वर्षं झाली होती, तिचा आवाज शेजारच्या खोलीत गेलेला मी कधी ऐकला नव्हता. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "तुम्हाला काय त्याचं? महत्त्वाची नव्हती ना?" आणि न्हाणीत जाऊन एकटीच हसत बसली.

मला ती मॅच तुकड्यातुकड्याने कळली, इतरांच्या तोंडून, आणि पुढची आठ वर्षं कळतच राहिली. झालं होतं ते असं. दोन्हीकडचा एकेक गोल झाला. शेवटच्या काही मिनिटांत मिठागरच्या एका पोराने मारलेला चेंडू बंदराच्या गोलकीपरला चकवून गेला आणि बरोबर गोलच्या रेषेवरच्या डबक्यात रुतून बसला. अर्धा आत, अर्धा बाहेर. ड्रिल मास्तर शिट्टी तोंडात धरून त्या डबक्याशी उकिडवे बसले. एरवी अशा वेळी आमच्याकडे मास्तरांना खाडी पोहून पळावं लागलं असतं. पण बंदराचा गोलकीपर म्हणाला, "मास्तर, गोल हाय. मी बगला, आत गेला." त्यावर मिठागरचा कॅप्टन म्हणाला, "नाय मास्तर, रेषेवर हाय. गोल नाय." गोलकीपर म्हणाला, "तुला काय दिसतं तिकडून? माजा गोल, मना ठावं." कॅप्टन म्हणाला, "चेंडू आमी मारला, आमाला ठावं." दोघे इरेला पेटले. दोन्ही संघ जमले आणि बावीस माणसं एकमेकांच्या अंगावर जाऊन स्वतःविरुद्ध भांडू लागली. बंदराची बाजू म्हणे गोल द्या, मिठागरची बाजू म्हणे देऊ नका. मास्तरांच्या नियमांच्या पुस्तकात याला कलम नव्हतं. आणि कडेला सगळी माणसं पोट धरून हसत होती. हसणं ऐकलं ते हेच. शेवटी तिथेच अंधारलं, कुणी तरी चेंडू डबक्यातून काढून घेतला आणि दोन्ही संघ हातात हात घालून चहाच्या दुकानाच्या फळ्या काढायला गेले.

तीन दिवसांनी फायनल झाली. चोवीस खुर्च्या होत्या, पाहुणे होते, हार होता, सुतळी पुरली. याच दोन संघांनी कपासाठी एकमेकांच्या नडग्या सोलून काढल्या, मास्तरांना एकदा पिंपळापर्यंत पळवलं आणि एका गोलाने एक संघ जिंकला. कोणता, ते मला वही काढल्याशिवाय सांगता येणार नाही. इतरांनाही येत नाही. मी विचारून पाहिलंय. कप कुठल्या गावी आहे तेही लोक डोकं खाजवून सांगतात. पण डबक्यातला चेंडू काढा, की चहाच्या दुकानात तासाची निश्चिंती. बारशाला ती मॅच, बाराव्याला ती मॅच. मी एकदा, केवळ माहिती असावी म्हणून, ती मॅच प्रत्यक्ष पाहिल्याचं मला सांगणाऱ्यांची यादी करायला घेतली. मैदानात मावली नसती इतकी नावं झाली तेव्हा सोडून दिली. त्यात एक जण असा होता की त्या आषाढात त्याच्या आईबापांचं लग्नही झालेलं नव्हतं. आणि या सगळ्या कथनाचा शेवट एकाच वाक्याने व्हायचा. "आन् गंमत म्हंजे सेक्रेटरी नव्हते." तेवढ्यापुरता मीही त्या मॅचमध्ये होतो.

लीगच्या वहीत पंधराव्या सामन्याची ओळ मी कोरी ठेवली. निकाल कोणता लिहिणार? मास्तरांनी बरोबरी म्हणून सांगितलं, बंदरवाले आपण हरलो म्हणून अजून छाती फुगवतात. आणि न पाहिलेल्या सामन्याची नोंद मी कधी केलेली नाही. पण कोरी ओळ माझ्यासारख्या माणसाला दातात अडकलेल्या काट्यासारखी छळते. दर पावसाळ्यात वही उघडली की ती समोर यायची.

मागल्या वर्षी साडूंनी मिठागर सोडलं. गुडघे गेले होते. मुलाला मुंबईत नोकरी आणि दोन खोल्या मिळाल्या, तो आईबापांना घेऊन जाणार होता. सामान बांधायला मदत म्हणून मी गेलो. तसा त्यांचा काही आग्रह नव्हता, पण त्यांच्या सामानाची यादी कुणीच केलेली नसणार हे मला माहीत होतं. यादी झाली. गाठोडी बांधून झाल्यावर आम्ही दोघे ओट्यावर बसलो आणि मी पिशवीतून लीगची वही काढली. म्हटलं, आता तुम्ही निघालात, ती मॅच तुमच्याइतकी कुणाला पाठ नाही, एकदाचा निकाल सांगा. चेंडू आत होता की रेषेवर?

साडू माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "मना काय ठावं? मी पाठ करून उभा व्हतो ना."

मी वही मिटली. आठ वर्षं. आठ वर्षं हा माणूस त्या डबक्याचं वर्णन करत होता, आणि त्याने ते पाहिलंच नव्हतं. वर्णन ऐकता ऐकता त्यांची ती पाठ फिरवायची सवय मीही विसरून गेलो होतो. मला एकदम इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. सगळ्या तालुक्यात ती मॅच न पाहिलेला मी एकटा नव्हतो. मी म्हटलं, "म्हणजे तुम्हीही नाही पाहिली!"

"मी मान्सा बगली," साडू म्हणाले. "सगली बगली. पोस्टमास्तर व्हता, म्हातारी व्हती, तुजी बायको माज्या बायकोच्या खांद्यावर डोका ठेवून हसत व्हती." तोपर्यंत जन्मभर ते मला तुमी म्हणत आले होते. "तुजा तोंड नव्हता. दोनदा मोजली सगली. मंग हाफटायमाला पिंपलापरत येऊन बगला. वाटला, सेक्रेटरी हाय, उशिरा येल पन येल."

पिंपळापर्यंत मीही आलो होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मी आपलं वही पुन्हा उघडून, कामाचा माणूस कामाचं विचारतो तसं विचारलं, "मग शेऱ्यात काय लिहू?"

त्यांनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. म्हणाले, "लिव, समदी मान्सा आली. एक कमी."

मोऱ्याच्या धक्क्यावर त्यांना पोचवायला आम्ही जमलो होतो. ड्रिल मास्तर होते, सलूनवाला होता, बंदराचा तो गोलकीपर आता दोन पोरांचा बाप होऊन आला होता. लाँच सुटली. लाँचमधली सगळी माणसं मुंबईकडे तोंड करून बसली होती, धक्का मागे पडला तरी कुणी वळून पाहत नव्हतं. एकटे साडू मुंबईकडे पाठ करून बसले होते. छत्री काखेत, नजर धक्क्यावर. लांबून दिसलं, त्यांचं बोट हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकत होतं. धक्क्यावर आम्ही चौदा जण होतो. मला माहीत होतं, कारण निघताना मी यादी केली होती. ते यादीशिवाय मोजत होते. मी उजवीकडच्या टोकाला उभा होतो. बोट माझ्यापर्यंत आलं आणि थांबलं, आणि त्यांनी हात खाली घेतला.